मे महिन्यातला कोट

"हा द्रागर," अंबुजाअक्का म्हणाली आणि तिने टेलिफोनच्या बोर्डातली कॉर्ड ओढून काढली.

विमल तायडे शेजारच्या खुर्चीवरून वाकली. "काय म्हणे व तो?"

"तुमचा आवाज इतका गोड, तुम्हाला चहात साखर लागत नसेल."

"मले परवा म्हणे, तुमी रेडिओवर पायजे होत्या. तोच हाये का?"

"तोच. सगळीकडे टाकून बघतो." अक्काने दोन्ही हातांनी काहीतरी जड ओढल्यासारखं केलं. "द्रागर म्हणजे समुद्राच्या तळाशी जाळं ओढत नेणारा. मासा लागो, शिंपला लागो, फुटकी चप्पल लागो, त्याला सगळं चालतं."

"म्हणजे मी चप्पल," विमल म्हणाली. "बरं झालं सांगतलं."

मी तोंडावर पदर धरून हसले, कारण हेडसेटच्या नळीतून हसू थेट गिऱ्हाइकाच्या कानात जायचं.

ही गोष्ट अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची. वऱ्हाडातलं धारखेड, कापसाचं गाव. टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी तिथे येऊन परगावचा फोन लावायचा. मागच्या खोलीत आमचा बोर्ड. गावात कुणी फोन उचलला की त्याच्या नंबरावरची पितळी झडप खाली पडायची, आपण कॉर्ड खोचायची, म्हणायचं, "नंबर प्लीज." गावात सव्वातीनशे फोन होते आणि दिवसपाळीला आम्ही तिघी.

विमल गावातलीच, तिच्या वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, जिभेने तिखट. मी शशिकला गावंडे, बावीस वर्षांची. वडिलांनी मोठ्या मिनतवारीने नोकरी करू दिली होती. अट एकच, माझ्याबद्दल गावात कुणी एक शब्द बोलता कामा नये. आणि अंबुजा राव. तिचे पूर्वज तंजावरला गेलेले मराठे, शिक्षण पाँडिचेरीत फ्रेंच नन्सच्या शाळेत. मोठा भाऊ रेल्वेत गार्ड, त्याची बदली आमच्याकडे झाली म्हणून ती त्याच्या पाठोपाठ आली. एकोणतीस वर्षांची, लग्न नाही. तिचं मराठी आमच्या आजीच्या आजीने बोलावं तसं, मध्येच तमिळ हेल. पहिल्या दिवशी विमल मला म्हणाली होती, "हे बाई पोथीतून उठून आली काय व?"

तेव्हा फोन करणाऱ्या पुरुषांना एक गोष्ट फार आवडायची. पलीकडे बाई आहे, ती तरुण आहे, आणि नोकरीमुळे तिला ऐकावंच लागतं. नंबर सांगायच्या आधी दोन वाक्यं, सांगून झाल्यावर चार. आम्हाला नियमाप्रमाणे उलट बोलता येत नव्हतं. आपसात बोललं तर पलीकडे ऐकू जायचं. मग अक्काने आम्हाला तिच्या शाळेतले शब्द दिले. नन्सनी शिकवलेले नव्हेत, नन्सच्या पाठीमागे मुली बोलायच्या ते.

जाळं टाकणारा तो द्रागर. नंबर लागला तरी लाइन न सोडणारा तो पो द कोल, म्हणजे खळीचं भांडं, जिथे हात लावाल तिथे चिकटणार. आणि सगळ्यांत वाईट तो क्राँपाँ, म्हणजे दगडात रुतवायचा लोखंडी आकडा. सरकी मिलचा एक मालक क्राँपाँ होता. तो विमलची पाळी कधी सुटते ते विचारून घ्यायचा आणि त्या वेळी पोस्टासमोर जीप उभी करायचा. विमल पंधरा दिवस मागच्या दाराने, गुरांच्या दवाखान्याच्या आवारातून घरी जात होती. नावं ऐकायला गमतीची होती. ज्यांना दिली ती माणसं गमतीची नव्हती.

"आणि अशा माणसाला नकार मिळाला की काय म्हणतात तुमच्यात?" मी एकदा विचारलं.

"वेस्त मिळाला म्हणतात. कोट. त्याला कोट घालून परत पाठवला."

त्या दिवशी बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं. विमल आधी हसली, मग तिला ठसका लागला. "धारखेडात मे महिन्यात कोट. अक्का, याहून मोठी सजा कोर्टात बी नाही."

तेव्हापासून आमचं कोट देणं सुरू झालं. बोर्डाच्या बाजूला सगळ्या फोनधारकांचा नंबरवार तक्ता टांगलेला असे. ज्याला कोट द्यायचा त्याच्या नंबरापुढे शिसपेन्सिलीने बोटाच्या नखाएवढा कोट काढायचा. दोन बाह्या, एक बटण. त्या नंबराची झडप पडली की तिघींपैकी कुणीही उचलो, "नंबर प्लीज" आणि "थांबा" याखेरीज शब्द बोलायचा नाही. तो जास्त बोलला की कॉर्ड ओढायची. फोन मात्र लावून द्यायचा, उशीर करायचा नाही. ते अक्काने बजावलं होतं.

आणखी दोन गोष्टी तिने बजावल्या होत्या. जिला त्रास झाला तिने कोट काढायचा, बाकीच्यांनी पुरावा विचारायचा नाही. आणि काढलेला कोट फक्त तिनेच पुसायचा.

"पुरावा काहून नाही विचारायचा?" विमलने विचारलं होतं.

अक्का हेडसेट पुसत होती. "पाँडिचेरीला मी एका कंपनीत टाइपिस्ट होते. तिथे एक साहेब होता. मी तक्रार केली. मोठ्या साहेबांनी विचारलं, तो नेमकं काय म्हणाला ते सांग. मी सांगितलं. तोंडाने सांगितल्यावर त्यात काहीच नव्हतं. 'आज साडी छान आहे.' 'उशीर झाला, सोडतो घरी.' सगळे हसले. मी पण हसले, मग राजीनामा दिला." तिने हेडसेट डोक्यावर चढवला. "इथे कुणी कुणाला विचारायचं नाही."

आता दोनशे सतरा.

दोनशे सतरा हा नंबर मुंबईच्या एका कापूस कंपनीच्या हंगामी कचेरीचा. तिथे कापसाची प्रत तपासणारे एक परीक्षक येऊन राहिले होते, श्रीधर उमरेडकर. ते रोज चार वाजता मुंबईला फोन लावायचे आणि बाजारातला भाव कळवायचे. मुंबईची लाइन मिळायला कधी दहा मिनिटं लागायची, कधी तास. तोवर बरेच लोक लाइनवर नुसते श्वास टाकत बसत. हे म्हणायचे, "मी फोन ठेवतो, लागला की घंटी द्या." असं म्हणणारा माणूस गावात तो एकटा.

एक दिवस फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, "आज तुमचा पंखा बंद आहे वाटतं."

आमच्या डोक्यावर एक पंखा होता, दर फेरीला एकदा खट्ट वाजायचा. आम्हाला त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला होता, इतकी सवय. त्या दिवशी खरंच वीज गेली होती.

"हो," मी म्हणाले. नियमात बसत नव्हतं.

"उकडत असेल फार. ठेवतो."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी झडप पडली आणि ते म्हणाले, "आज चालू आहे. बरं झालं." मग रोजच एखादं वाक्य. पंख्याबद्दल, कधी धुळीच्या वाऱ्याबद्दल, एकदा त्यांच्या कचेरीच्या खिडकीत घरटं करणाऱ्या बुलबुलाबद्दल. बुलबुलाला त्यांची जिनिंगची सुतळी आवडली होती म्हणे. मी "हो का" म्हणायचे. दीड महिन्यात मी त्यांना सगळी मिळून पन्नास वाक्यंसुद्धा बोलले नसेन.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचं नाव विचारलं तर चालेल?"

"नियमात नाही."

"मग नको," ते म्हणाले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मी पावणेचारला पाणी पिऊन यायला लागले. साडेतीनला कुणी पाळी बदलून मागितली तर द्यायची नाही. हे माझ्या लक्षात यायच्या आधी विमलच्या लक्षात आलं.

"काय व शशे," ती एका दुपारी म्हणाली, "चार वाजले का तू पाठ ताठ करून बसतं. कोणाची वाट पाहू रायली?"

"कुणाची नाही."

तेवढ्यात झडप पडली. दोनशे सतरा. मी उचलला. ते म्हणाले, "बुलबुलाची पिल्लं बाहेर आली. दोन." मी "हो का" म्हणाले, आणि माझा आवाज कसा आला असेल कोण जाणे, कारण कॉर्ड सोडून मी वळले तर दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"पिल्लं कोणाची व?" विमल म्हणाली. "हा रोजचाच दिसते. द्रागर का पो द कोल?"

मी खाली वाकून कॉर्ड सरळ करू लागले. कान तापले होते. वडिलांची अट आठवली. विमलच्या पोटात गोष्ट राहत नाही हेही आठवलं.

"त्रास देतो का तुला?" अक्काने विचारलं. हळू विचारलं, विमलसारखं नव्हे.

नाही म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणाले, "हो."

"मग काढ की कोट," विमलने पेन्सिल पुढे केली.

मी उठले, तक्त्याजवळ गेले आणि दोनशे सतरापुढे कोट काढला. दोन बाह्या, एक बटण. बटण गोल येईपर्यंत पेन्सिल फिरवली. दोघींनी पुरावा विचारला नाही. विमल तर उलट माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आधी सांगाचं असतं पोरी. एकटीनं काहून सहन केलं इतके दिवस?"

तो हात मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता झडप पडली आणि मी उचलायच्या आत विमलने उचलली. माझी बाजू घ्यायची होती तिला. "नंबर प्लीज. थांबा." पलीकडून काहीतरी आलं. विमलने कॉर्ड ओढली. "पंखा म्हणे. पंख्याचं काय त्याले?"

त्यानंतर पाच-सहा दिवस कधी तिने उचलला, कधी अक्काने. एकदा मीच उचलला. समोर तक्ता होता, दोन्ही बाजूंना त्या दोघी. मी म्हणाले, "नंबर प्लीज."  त्यांनी नुसता नंबर सांगितला. मी म्हणाले, "थांबा." त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का?" आणि मी कॉर्ड ओढली. हात माझाच होता.

नंतर पुढच्या खोलीतला काउंटरचा कारकून लग्नाला गेला आणि आमच्यापैकी एकीला आळीपाळीने तिथे बसावं लागलं. मेची सोळा तारीख असावी. दुपारचे पावणेपाच होऊन गेले होते. काउंटरवर अक्का होती. मी तिला तिकिटं द्यायला बाहेर गेले. तिकिटं म्हणजे लागलेल्या फोनच्या नोंदीचे कागद. बाहेर गेले आणि दारातच थांबले.

काउंटरपलीकडे एक माणूस उभा होता. तिशीचा, सावळा, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. आणि अंगात कोट. जाड तपकिरी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता. हातात कापडी पिशवी, पायाशी ट्रंक.

माझ्या मागून विमलने डोकावलं आणि माझ्या कानात म्हणाली, "आता लोक कोट घरूनच घालून यायले लागले."

"मी उमरेडकर," तो माणूस अक्काला म्हणाला. "दोनशे सतरा."

विमल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आपल्याकडे रोज चार वाजता ज्या बाई फोनवर असतात, त्यांच्याशी बोलायचं होतं. माफी मागायची होती." त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी जास्त बोललो असेन. मला वाटलं होतं की त्यांना चालतंय. तसं वाटणं हीच माझी चूक असेल. हंगाम संपला, पाच वीसच्या पॅसेंजरने चाललोय. म्हटलं, सांगून जावं."

"मीही असते कधी कधी फोनवर," अक्का म्हणाली.

त्याने ऐकलं आणि मान हलवली. "आपण नव्हे. आवाज ओळखतो मी."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. विमलकडेही पाहिलं. आम्ही दोघी दारात, दोघी गप्प. मी एक शब्द बोलले असते, नुसतं "हो का" म्हणाले असते, तरी त्याला कळलं असतं. मला ते समजत होतं आणि म्हणूनच मी ओठ मिटून उभी होते. हातातली तिकिटं ओली झाली.

"त्या आज आल्यात का?" त्याने सरळ मलाच विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"बरं." त्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, तसाच कोट नीट केला. माफी मागायला येताना माणसाने नीट कपड्यात यावं असं त्याला वाटलं असणार. "निरोप द्या त्यांना." ट्रंक उचलून तो उन्हात गेला. पोस्टासमोरच्या कडुलिंबाखालून टांगा वळेपर्यंत तपकिरी कोट दिसत होता.

आत आल्यावर विमल म्हणाली, "साजरा बोलला, पण सगळेच साजरे बोलतात. तू बरं केलं, बोलली नाही."

अक्का काउंटर सोडून आत आली होती. असं कधी करायची नाही. तिने टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"खरा त्रास झालेली बाई कोटाचं बटण इतकं जपून काढत नाही."

"मग तू पुसला का नाहीस?"

"मी कशी पुसणार?" ती म्हणाली. "आज तुझा पुसला, तर उद्या कुणी म्हणेल, विमलचा पण बघू जरा खरा आहे का."

विमल माझ्याकडे बघत होती. तिला कळायला क्षणभर लागला.

"खोटा काढला तू?" ती म्हणाली. "शशे, मी मागच्या दारानं जात होती. गुरांच्या दवाखान्यातून. आन तू खोटा काढला?"

मी खोडरबर हातात घेतलं आणि परत ठेवलं. 

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. अक्का खुर्चीवर बसली, हेडसेट चढवला आणि स्टेशनचा नंबर लावला. स्टेशनमास्तरांच्या टेबलावर फोन होता.

"अंबुजा बोलते. अण्णा आहेत का? द्या." मग तिच्या गार्ड भावाशी ती तिच्या जुन्या मराठीत भराभरा बोलली. "अण्णा, तुमच्या गाडीत एक उतारू चढेल. त्याला फोनवर आणा. नाव उमरेडकर. अहो, ओळखायचा कसा म्हणजे? मे महिन्यात कोट घातलेला एकच असेल फलाटावर."

तिने हेडसेट काढून माझ्या डोक्यावर घातला. तिच्या घामाने तो गरम होता.

मी वाट बघत बसले. पलीकडे फलाटाचा गलका, चहावाला, एक रडणारं मूल. पाच सतरा. पाच वीस. इंजिनाची शिट्टी झाली. विमल पाठ करून बसली होती, पण तिने तिच्या बोर्डावरच्या दोन झडपा पडू दिल्या आणि उचलल्या नाहीत. पाच बावीस.

"हॅलो?" धापा टाकत आवाज आला. "उमरेडकर."

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं.

"चार वाजताची बोलते," मी म्हणाले. "मघाशी दारात मीच होते. माझं नाव शशिकला. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी इथे सगळ्यांना खोटं सांगितलं. मला चालत होतं."

पलीकडे नुसता फलाट ऐकू येत होता. मला वाटलं, गेला.

मग तो म्हणाला, "पंखा चालू आहे."

"हो."

"ऐकू येतोय." आणि तो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच ऐकत होते. "बरं झालं, शशिकलाबाई. आता हा कोट काढतो मी. फार उकडतंय."

अण्णांचा आवाज मागे ऐकू आला, "चला हो, चला." मग लाइन बंद झाली.

त्यानंतर तो आवाज मी कधी ऐकला नाही. पुढच्या हंगामात दोनशे सतरावर कुणी म्हातारे परीक्षक आले, ते फोनवर खोकायचे. त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, सुखाचं झालं. मी कुणाची वाट बघत बसले नाही. पण कुठे पंखा खट्ट वाजला की मी अजून तो दुरुस्त करू देत नाही. घरात सगळे वैतागतात.

त्या संध्याकाळी मी तक्त्याजवळ जाऊन कोट पुसला. कागद तिथे जरा खरवडला गेला. विमल तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी माझ्या डब्यात तिच्या घरची ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा सापडला. ठेचा इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ती समोर बसून ते बघत होती.

"लागला का?" तिने विचारलं.

"लागला."

"मग ठीक हाये."

पंधरा दिवसांनी अक्काने मला एका कागदाची नक्कल दाखवली. पॅसेंजर पाच मिनिटं उशिरा सोडली म्हणून वरच्यांनी अण्णांकडे खुलासा मागितला होता. अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात एकच ओळ लिहून पाठवली होती: "एका उतारूच्या अंगावर चुकून दुसऱ्याचा कोट गेला होता, तो उतरवून घेईपर्यंत गाडी थांबवणे भाग पडले."